एकच पाते, अनेक नावे

बकरी ईद आठ दिवसांवर आली की आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी शिकलगाराचे चाक फिरू लागते. घरोघरच्या सुऱ्या, सुरे आणि सत्तूर जुन्या चादरीच्या फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे येऊन पडतात. ठिणग्या पाहायला मुलांची गर्दी होते. वर्षानुवर्षे पाहिलेले हे दृश्य आहे. त्यावर कधी लेख लिहावासा वाटेल, असे आम्हाला वाटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना नाक्यावर पोलिसांनी अडवले. त्यांचा धंदा खाटकाचा. पिशवीत चार सुऱ्या, त्यातली एक चांगली दहा इंच पात्याची. "हे हत्यार कशाला घेऊन फिरतोस?" असे विचारल्यावर त्यांनी "साहेब, कामाचं आहे" एवढेच सांगितले. ते पुरेसे झाले नाही. सुदैवाने नव्या सुरीची पावती खिशात होती. पावतीवर दुकानदाराने लिहिले होते, 'किचन नाइफ'. हवालदारांनी पावती दोनदा वाचली, सुरीकडे पाहिले आणि त्यांना जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले तेव्हा म्हणाले, "सर, कागज पे नाम अच्छा लिखेला था, इसलिए छूटे."

आम्ही उर्दू शाळेत भाषा शिकवतो. शब्दांशी आमचा रोजचा संबंध. तरीही हे वाक्य ऐकून आम्ही गप्प झालो. पाते दहा इंचांचेच होते. पावतीवर दुसरे एखादे नाव असते तर तेच पाते गुन्ह्याचा पुरावा झाले असते. मग प्रश्न पडला की चाकूला त्याचे नाव देतो तरी कोण? घडवणारा, विकणारा, वापरणारा की पकडणारा? त्याचा शोध घेता घेता आम्ही बगदादपासून रामपूरपर्यंत फिरून आलो. तेच येथे मांडत आहोत.

आपल्या गावगाड्यात हा प्रश्न फारसा पडत नसे. लोहाराकडे गिऱ्हाईक जाई, काम सांगे आणि लोहार त्या कामाचे पाते घडवून देई. विळा, कोयता, खुरपे, विळी, अडकित्ता ही सगळी कामाची नावे आहेत. कोयता उसासाठी हवा की नारळासाठी, हे लोहाराला विचारून कळे. घेणारा डावखुरा आहे, हेही त्याला ठाऊक असे. मालावर चिठ्ठी लावायची गरजच नव्हती. पाते अनोळखी माणसाच्या हाती जाऊ लागले तेव्हा ही गरज निर्माण झाली. घडवणारा एका मुलखात, घेणारा दुसऱ्या मुलखात आणि मधे व्यापारी. त्या व्यापाऱ्याला माल कोणासाठी आहे आणि किती मोलाचा आहे, हे दोन शब्दांत सांगावे लागते. चाकूच्या जाती तिथे जन्माला येतात.

या जातींचा एक फार जुना आणि व्यवस्थित हिशेब आपल्याच परंपरेत आहे. तो तलवारींचा आहे, कारण चाकूपेक्षा तलवार महाग आणि तिच्यात फसवणूकही मोठी. नवव्या शतकात बगदादमध्ये याकूब बिन इसहाक अल्-किंदी यांनी खलिफा मोतसिम (कारकीर्द इ.स. ८३३ ते ८४२) याच्यासाठी तलवारी आणि त्यांचे प्रकार यांवर एक रिसाला लिहिला. किंदींना आपण तत्त्वज्ञ म्हणून ओळखतो. पण या रिसाल्यात ते बाजारात उभ्या असलेल्या चौकस माणसासारखे दिसतात. लोखंडाचे दोन भाग ते करतात. एक खाणीतून मिळणारे. त्यात कठीण ते 'शाबुरकान' आणि मऊ ते 'नरमाहन'. दुसरे माणसाने शुद्ध करून बनवलेले, म्हणजे पोलाद. पोलादाच्या तलवारींचे पुन्हा तीन वर्ग: 'अतीक', 'मुहदस' आणि या दोन्हींत न बसणारा तिसरा.

अतीक म्हणजे जुना आणि मुहदस म्हणजे नवा, हे आमच्या सातवीतल्या मुलांनाही सांगता येईल. पण किंदी बजावतात की इथे अतीक या शब्दाचा काळाशी संबंध नाही. जातिवंत घोड्याला अरब 'अतीक' म्हणतात, त्या अर्थाने तो शब्द घ्यायचा. ज्या तलवारीत ते गुण नाहीत ती आद कौमच्या आधी घडवलेली असली तरी तिला नवीच म्हणायचे. म्हणजे कालच भट्टीतून निघालेली तलवार 'जुनी' असू शकते आणि शेकडो वर्षांची 'नवी'. बाजारातला शब्द कोशातल्या शब्दापासून किती दूर जातो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. अतीकमध्येही येमेनी, कलई आणि हिंदी असे मुलखावरून पडलेले भाग होते. बसरा, कुफा, दिमिश्क, मिसर, इतकेच काय फ्रँकांच्या मुलखातल्या तलवारींचीही ते नोंद घेतात.

ही सगळी माहिती त्यांना होती कशी? पाती घासून-पुसून त्यांचे पाणी वर आणणारे जे कारागीर, त्यांची भाषा त्यांनी टिपली. अरबीत त्यांना 'सैकल' म्हणतात, अनेकवचनी 'सयाकिला'. याच शब्दाला फारसी 'गर' जोडून 'सैकलगर' झाला आणि आपल्याकडे येऊन तो 'शिकलगार' झाला. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी चाक फिरवणारा माणूस जे नाव लावतो, ते बगदादच्या बाजारातून चालत आलेले आहे. पश्चिम महाराष्ट्रात हे आडनाव लावणारी किती मुसलमान घरे आहेत, हे वाचकांना सांगायला नको. त्यांच्या मुलांना आपल्या आडनावाचा हा अर्थ मात्र कोणी सांगितलेला नसतो.

यातला 'हिंदी' हा शब्दही थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारीला अरबीत 'मुहन्नद' असे खास नाव पडले. हजरत काब बिन झुहैर यांच्या प्रसिद्ध कसीद्यात पैगंबर साहेबांना (स.) दिलेल्या उपमेतही तो शब्द येतो. हिंदुस्थानचे नाव अरबस्तानात चांगल्या पोलादाचे नाव म्हणून घेतले जात होते. असे पोलाद दख्खनमध्येही पुढे शतकानुशतके तयार होत राहिले. आजच्या तेलंगणातले निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम् हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. मातीच्या मुशीत लोखंड तापवून त्याच्या छोट्या वड्या काढायच्या आणि त्या वड्या इराणी व्यापाऱ्यांनी न्यायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही इस्फहानचा व्यापारी त्या गावी माल घ्यायला येत होता, अशी नोंद आहे. इंग्रज या पोलादाला 'वूट्झ' म्हणू लागले. तो शब्द कानडी-तेलुगूतल्या 'उक्कु'वरून आल्याचे मानले जाते.

पण या पोलादाची लहरदार नक्षी असलेली पाती युरोपात पोहोचली ती 'दमास्कस' या नावाने. खाण आणि मूस दख्खनची, नाव मात्र सीरियातल्या शहराचे. आज तर कोणत्याही दोन प्रकारच्या पोलादांचे थर ठोकून नक्षी काढलेल्या चाकूला जगभर 'दमास्कस चाकू' म्हणतात आणि त्यावर चढा भाव लावतात. कोनासमुद्रम् हे नाव एकाही खोक्यावर आम्ही पाहिलेले नाही.

तलवार मागे पडली आणि चाकू घरोघर पोहोचला तेव्हा हे नामकरण कारखानदारांच्या हाती गेले. इंग्लंडातल्या शेफिल्डला १६२४ साली चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांची कंपनी कायद्याने स्थापन झाली आणि कारागिराची खूण नोंदवणे हे तिचे मोठे काम झाले. तिथे बनणाऱ्या एका छोट्या चाकूचे नाव 'पेननाइफ'. पिसाच्या लेखणीला टोक काढण्यासाठी तो असे. आपल्या खत्तातांजवळही बोरू तासायला असाच चाकू असे. त्याला आपण 'कलमतराश' म्हणतो. एकोणिसाव्या शतकात पोलादी निबे आली आणि पिसाची लेखणी गेली. इंग्रजांचा पेननाइफ मात्र त्याच नावाने खिशात राहिला. वापर संपला तरी नाव विकले जात राहिले.

त्याच शेफिल्डमधून अमेरिकेला मोठ्या पात्याचे 'बोवी' चाकू जात. जेवणाच्या टेबलावरचे चाकू बनवणारे गावच ते बनवत होते. पण अमेरिकेला जाणाऱ्या पात्यावर 'स्वसंरक्षक' अशा अर्थाचे शब्द कोरले जात. १८४९ नंतर सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाकडे धावू लागले, तेव्हा त्यावर 'कॅलिफोर्निया नाइफ' असे येऊ लागले. ज्या मुलखातल्या माणसाला जी भीती आणि जो लोभ, ते नाव पात्यावर. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा स्वस्त माल शेफिल्डच्या नावाने खपू लागला, अशी शेफिल्डकरांची ओरड सुरू झाली. परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव घालण्याची सक्ती करणारा इंग्लंडचा १८८७ चा कायदा आला, त्यामागे ही ओरड होती. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मालाची लाज काढण्यासाठी होता. काही दशकांत तोच उत्तम मालाची खूण बनला. आणि १९३८ साली जर्मनीनेच कायदा करून 'झोलिंगेन' हे नाव त्या गावाबाहेर वापरायला बंदी घातली!

स्वित्झर्लंडची गोष्ट याहून मजेदार आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस लष्कराला सैनिकांचा चाकू पुरवायला सुरुवात केली. तो जड होता. म्हणून १८९७ साली त्यांनी एक हलका, आणखी एक पाते आणि बुचे काढायचा स्क्रू असलेला चाकू नोंदवला. नाव दिले 'ऑफिसरचा आणि खेळाडूंचा चाकू'. लष्कराने तो आपल्या सामानात घेतला नाही, तो अधिकाऱ्यांना दिलाही गेला नाही. ज्याला हवा त्याने पदरच्या पैशाने घ्यावा. पण नावात ऑफिसर होता, आणि कोणाला ऑफिसर व्हावेसे वाटत नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्याला 'स्विस आर्मी नाइफ' म्हटले आणि जगभर तो भेट म्हणून दिला जाऊ लागला. २००१ च्या सप्टेंबरनंतर विमानतळांवर हाच चाकू काढून घेतला जाऊ लागला आणि त्याचा खप झपाट्याने घसरला. चाकूत काहीही बदलले नव्हते.

आज कोणत्याही मोठ्या कंपनीची मालाची यादी उघडली तर असेच कप्पे दिसतात. स्वयंपाकघर, शिकार, मासेमारी, गिर्यारोहण, रोज खिशात बाळगण्याचा, संग्रहासाठी, आणि 'टॅक्टिकल', म्हणजे सैनिकी वाटणारा. काही फरक खरे असतात. मासा सोलायचे पाते लवचीक लागते, हाडे तोडायचा सत्तूर जाड लागतो, शिकारीच्या चाकूचे पोट गोल असते. हे शिकलगारही सांगेल. पण कित्येकदा तेच पाते काळ्या रंगात बुडवले की टॅक्टिकल होते आणि लाकडी मूठ लावली की शिकारीचे. खरेदी करणाऱ्याला स्वतःविषयी काय वाटावे, हे त्या रंगाने आणि मुठीने ठरवायचे असते.

इथवर हा किंमतीचा आणि हौसेचा खेळ वाटतो. पण या नावांना कायदाही वाचतो. इंग्लंडने १९९७ साली चाकूंविषयी जो कायदा केला त्यात चाकू 'लढाईस योग्य' असल्याचे सुचवून विकणे हाच गुन्हा ठरवला. पाते तेच असले तरी जाहिरात वेगळी केली की अपराध. २०१६ साली तिथे 'झोंबी' चाकूंवर बंदी आली. तिच्या व्याख्येत धारदार आणि दातेरी कडेच्या जोडीला, हिंसा सुचवणारी चित्रे किंवा शब्द त्यावर असणे ही अट होती. पळवाट उघड होती. शब्द आणि चित्र काढून टाकले की तोच चाकू व्याख्येबाहेर. शेवटी २४ सप्टेंबर २०२४ पासून नवा नियम लागू झाला. त्यात शब्दांची अट सोडून आठ इंचांपेक्षा लांब पाते आणि त्याची घडण यांवर बोट ठेवण्यात आले. चाकूला त्याच्या नावावरून ओळखता येत नाही, हे कायद्याला कळायला आठ वर्षे लागली.

आपल्याकडचा शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याचे नियम १९६२ चे. २०१६ साली नवे नियम आले. त्यांतल्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्या जोडीला चाकूही आहेत. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते या वर्गात येते. पण त्यात एक सूट आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या पावतीवरचे 'किचन' हे दोन अक्षरी भासणारे नाव इथे येऊन उभे राहते. शिवाय १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे, कलम ३७ आहे. सणासुदीला त्याखाली मनाई हुकूम निघतो आणि त्या काळात लाठीपासून सुरीपर्यंत कोणतीही वस्तू जवळ बाळगणे अडचणीचे ठरते. कसायाचा सर्वांत कामाचा आठवडा आणि मनाई हुकूम पुष्कळदा एकाच वेळी येतात. तेव्हा पाते कशासाठी आहे, याचा निर्णय रस्त्यावर, दोन मिनिटांत आणि माणसाच्या तोंडाकडे पाहून होतो.

नावाने एक अख्खा धंदा कसा बुडतो, हे पाहायचे असेल तर रामपूरला जावे. नवाब फैजुल्लाह खान यांनी १७७४ साली उभी केलेली ही रियासत. तिथले रझा ग्रंथालय जगातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण मुंबईच्या माणसाला रामपूर म्हटले की आठवतो तो चाकू. पितळी मुठीचा, घडीचा, उघडून खटका बसला की न मिटणारा. तिथल्या कारागिरांच्या हातची ही नजाकत होती. मग मुंबईच्या सिनेमाने तो उचलला. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमार यांचा चाकूवरचा संवाद आजही लोक बोलून दाखवतात. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत पडद्यावरच्या प्रत्येक गुंडाच्या हाती 'रामपुरी' आला. गावाचे नाव आधी मालाचे नाव झाले, मालाचे नाव गुन्ह्याचे नाव झाले. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली आणि कारखाने एकेक करून बंद पडत गेले. ज्यांनी चाकू घडवले ते रिक्षा, मजुरी, जे मिळेल त्या कामाला लागले. उरलेली दुकाने छोटे घडीचे चाकू आणि घरगुती सुऱ्या विकून तग धरतात. गंमत, किंवा दुःख म्हणा, पुढे आहे. मार्च २०२३ मध्ये त्याच शहराच्या एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा रामपुरी चाकू शोभेसाठी उभारण्यात आला. चौकात वीस फूट चालतो, कारागिराच्या हातात साडेचार इंच. 'स्मारक' या नावाखाली तो आता अभिमानाचा विषय आहे.

गुन्ह्यात चाकू वापरले गेले, जीव गेले, हे आम्ही नाकारत नाही. ज्या घरातला माणूस गेला त्याला पात्याच्या कारागिरीचे कौतुक सांगणे क्रूरपणा होईल. बंदी असावी की नसावी, हा आमचा प्रश्नही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की झोलिंगेनच्या कारागिरासाठी त्याच्या गावाचे नाव जपायला कायदा धावून आला आणि रामपूरच्या कारागिराच्या गावाचे नाव डागाळले तेव्हा त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही. आपणही राहिलो नाही. आपण सिनेमा पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि त्या कारागिराला विसरलो.

शिक्षक असल्यामुळे असेल, पण हे लिहिताना आमच्यापुढे वर्गातली मुले येत होती. दहावी होऊन ती बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यावर 'उर्दू माध्यम' असा शिक्का असतो. गणितात कोण हुशार, कोणाचे मराठी स्वच्छ, कोणाचा हात चित्रकलेत बसलेला, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. तरी कित्येक ठिकाणी तोच आधी वाचला जातो. किंदींनी बाजारातले नाव बाजूला ठेवून पाते हातात घेतले, त्याचा रंग, त्याचे पाणी, त्याची लवचीकता पाहिली आणि मग त्याचा वर्ग सांगितला. बाराशे वर्षांपूर्वीची ही पद्धत आहे. ती माणसांच्या बाबतीत आपण कधी वापरणार?

गेल्या बकरी ईदला आम्ही सुरीला धार लावायला गेलो तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचे वडील तिथेच भेटले. चार सुऱ्या फडक्यात नीट गुंडाळलेल्या होत्या. सगळ्यांत वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून, ती जुनी पावती होती. शाई फिकी पडली आहे. 'किचन नाइफ' ही अक्षरे मात्र त्यांनी बॉलपेनने पुन्हा गिरवून घेतली आहेत.